नोव्हेंबरात मैत्रीला विमानाने जायचंय: सामान, दिवस आणि नमुन्यांबद्दल अनुभव हवेत

शेवाळवेडी

नमस्कार. पीएचडीचं तिसरं वर्ष सुरू आहे, विषय गोड्या पाण्यातले सायनोबॅक्टेरिया (निळं-हिरवं शेवाळ). यंदाच्या अंटार्क्टिका मोहिमेच्या उन्हाळी तुकडीत माझी निवड झाली आहे. वैद्यकीय तपासणी झाली, औलीचं बर्फातलं प्रशिक्षण झालं आणि काल पत्र आलं. नोव्हेंबरच्या मध्यावर केपटाउनहून विमान, मग मैत्री या आपल्या अंटार्क्टिकातल्या स्टेशनवर सहा आठवडे. शिरमाकर ओॲसिसमधल्या (स्टेशनभोवतीच्या बर्फ नसलेल्या खडकाळ पट्ट्यातल्या) बारा तळ्यांच्या तळाशी शेवाळाचे जे थर असतात त्यांचे नमुने आणि गाळाचे छोटे कोअर (नळी खुपसून काढलेले उभे नमुने) घ्यायचे आहेत. प्रत्येक तळ्याला तीन दिवस धरले, म्हणजे छत्तीस झाले, वर सहा दिवस राखीव ठेवलेत.

आमच्या विभागातून आजवर कोणी तिकडे गेलेलं नाही, माझे गाईडही गेलेले नाहीत. पत्रात कपड्यांपासून विम्यापर्यंत सगळं दिलंय, पण मला जे विचारायचंय ते त्यात नाही. विमान कसं असतं? पीएच मीटर, कोअरर, बर्फ पोखरायचा ऑगर हे सगळं सोबत न्यायचं की पुढे पाठवायचं? नमुने गोठलेले परत आणताना काय होतं? माझं वेळापत्रक जमण्यासारखं आहे का?

आणि एक घरचा प्रश्न. आई रोज एकच विचारते, "मध्येच काही झालं तर विमान कधी येईल?" मला उत्तर देता येत नाही. जाणकारांनी जरूर लिहा.

अकरा_पूर्व

मनापासून अभिनंदन. मी दोन उन्हाळे मैत्रीवर काढले, दोन्ही वेळा विमानानेच गेलो. काम हिमनदीचं होतं, दक्षिण गंगोत्री हिमनदीच्या मुखाशी खुणा मोजायच्या. तुझ्या प्रश्नांच्या क्रमाने लिहीत नाही. जे मला जाण्याआधी कोणीतरी सांगायला हवं होतं ते आधी सांगतो.

बारा गुणिले तीन हे गणित आजच बाजूला ठेव. तुझे बेचाळीस दिवस मैत्रीवर पोचायच्या आधीच कापले जायला लागतात. केपटाउनचं आभाळ कितीही लख्ख असलं तरी त्याने विमान सुटत नाही. निर्णय होतो तो सुमारे ४,१०० किलोमीटर दक्षिणेला, नोवोच्या, म्हणजे मैत्रीजवळच्या रशियन स्टेशनच्या, धावपट्टीवरच्या हवेवरून. तिथे वारा वाढला, बर्फ उडायला लागला किंवा ढग आणि जमीन एकाच पांढऱ्या रंगाची झाली की वैमानिकाला खालचं काहीच उठून दिसत नाही. मग उड्डाण पुढे ढकलतात. सुटलेलं विमानसुद्धा वाटेतून परत फिरू शकतं. एका ठरलेल्या बिंदूपर्यंत परतीपुरतं इंधन हाताशी असतं, तिथे पोचेपर्यंत नोवोहून बरी बातमी आली नाही तर मागे वळायचं. पहिल्या खेपेला आम्ही केपटाउनला पाच दिवस बसून होतो. रोज बैठक आणि रोज तेच, उद्या सांगतो. बॅगा भरलेल्या, ध्रुवीय कपडे खोलीत टांगलेले आणि मनाने केव्हाचे तिथे पोचलेलो.

त्या मोसमात माझ्या हाती कामाचे एकोणीस दिवस लागले. ठरवले होते पंचेचाळीस. यात कोणाचीच चूक नव्हती. चार दिवस वादळाने घेतले, मग वादळाने गाडलेलं उकरण्यात दोन गेले. गाडी दुसऱ्या गटाला लागली, तीही रास्तच. एकट्याने बाहेर पडायला परवानगी नाही, त्यामुळे जोडीदार तब्येतीने आडवा झाला की आपणही स्टेशनवरच.

म्हणून गाईडसमोर बसून एकच प्रश्न सोडव: बारापैकी कोणती पाच तळी मिळाली तर प्रबंध उभा राहतो? ती पाच कागदावर उतरवून काढ. उरलेली सात मिळाली तर आनंदच.

आणि त्या पाचांचा क्रम बर्फ ठरवेल. नोव्हेंबरात तळी गोठलेलीच असतात, मधोमध उभं राहून भोक पाडता येतं. डिसेंबर सरत आला की आधी काठाकाठाने वितळतं, तळ्याभोवती पाण्याचा पट्टा तयार होतो, आणि मधल्या बर्फावर पाय ठेवणं धोक्याचं होतं. ज्या तळ्यांच्या मध्यातून कोअर हवाय ती पहिल्या पंधरा दिवसांत उरक. काठावरून हात घालून मिळणारं शेवाळ नंतरही मिळेल. मैत्रीसमोरच्या प्रियदर्शिनी तलावातून स्टेशनला पिण्याचं पाणी येतं, तेव्हा त्याच्या काठाशी काहीही करण्याआधी मोहीमप्रमुखांना विचार.

आता विमान. आम्ही गेलो ते इल्युशिन-७६ ने. चार इंजिनांचं रशियन मालवाहू विमान आहे हे, खाली वीस चाकं. अलीकडे दुसरी विमानंही बर्फावर उतरायला लागली आहेत. २०२३ च्या नोव्हेंबरात नॉर्वेच्या ट्रोल स्टेशनच्या धावपट्टीवर बोइंग ७८७ उतरलं. त्यामुळे तुझ्या वाट्याला कोणतं येईल ते पत्रात बघ. इल्युशिनमध्ये खिडक्या जवळजवळ नाहीतच. पोटात एका भागात माणसं, बाकी जाळ्यांखाली करकचून बांधलेली खोकी. आवाज इतका की कानात बोळे घालूनच बसायचं. शेजाऱ्याला काही सांगायचं तर वहीत लिहून दाखवायचं. समोर एक पडदा असतो, त्यावर बाहेरच्या कॅमेऱ्याचं चित्र. साडेपाच-सहा तासांतला बराच वेळ त्यावर नुसता राखाडी रंग असतो, मग समुद्रावरचे बर्फाचे तुकडे दिसायला लागतात. उतरायच्या तासभर आधी सगळे उठून जाड कपडे चढवतात. त्या गर्दीत कोणाचा कोपर कोणाच्या कानात जातो, तेव्हा बूट हाताशी ठेव.

चाकं टेकली हे पोटात कळतं, पण नेहमीसारखा ब्रेकचा हिसका बसत नाही. बर्फावर करकचून ब्रेक लावून भागत नाही, इंजिनांचा जोर उलटा फिरवून वेग उतरवतात आणि विमान कितीतरी वेळ धावतच राहतं. मग दार उघडतं. थंडी लागायच्या आधी उजेड लागतो. चष्मा दार उघडायच्या आधीच डोळ्यांवर असू दे. पहिलं पाऊल टाकशील तेव्हा खाली बघ. धावपट्टी म्हणजे निळा बर्फ आहे, ठोक्याच्या भांड्यासारखा, वाटीएवढ्या उथळ खळग्यांनी भरलेला. वरून पडलेलं हिम वारा टिकूच देत नाही, आणि खालच्या जुन्या बर्फातली हवा दाबाने इतकी निघून गेलेली असते की तो काचेसारखा घट्ट झालेला असतो. या घट्टपणामुळेच त्याच्यावर एवढं अवजड विमान चाकांवर उतरू शकतं. ऐन उन्हाळ्यात ऊन लागून हाच बर्फ वरून मऊ पडतो, म्हणून त्या दिवसांत उड्डाणं कमी होतात किंवा थांबतात. तुझी परतीची तारीख त्या काळात असेल तर तिच्यावर फार विसंबू नकोस.

सामानाबद्दल माझ्यावर ओढवलेलं सांगतो. दुसऱ्या मोसमात आमची अकरा खोकी होती, नोवोला दहा उतरली. वजन भरल्यामुळे एक केपटाउनला मागे राहिलं होतं, आणि पुढचं विमान आलं तेरा दिवसांनी. त्या खोक्यात ऑगरचे दांडे एकमेकांना जोडायच्या पिना होत्या. करंगळीएवढ्या चार पिना. ऑगर आला होता, इंजिन आलं होतं, पाती आली होती, आणि एक मीटरच्या खाली आम्हाला जाता येत नव्हतं.

स्टेशनच्या वर्कशॉपमध्ये एक मेकॅनिक होते, आमच्याहून वयाने बरेच मोठे. मी दांडा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी भोकात करंगळी घालून बघितली, काही न बोलता एक बोल्ट घेतला आणि ग्राइंडरवर धरला. ती पिन दुसऱ्याच भोकाला वाकली, लोखंड मऊ होतं. मग त्यांनी स्नो-व्हेइकलच्या पट्ट्याचा एक जुना बोल्ट हुडकून काढला आणि दोन संध्याकाळी त्यावर घालवल्या, स्वतःचं दिवसभराचं काम आटोपल्यावर. त्या पिनांवर आमचा पूर्ण मोसम निघाला. त्यातली एक आजही माझ्या टेबलावर आहे.

तेव्हापासून मी सामान प्रकाराप्रमाणे लावत नाही, कामाप्रमाणे लावतो. एका खोक्यात ऑगर, दुसऱ्यात सुटे भाग, तिसऱ्यात बाटल्या अशी मांडणी दिसायला छान दिसते. पण एक खोकं चुकलं की सगळं काम बसतं. त्याऐवजी एक खोकं उघडलं की निदान दोन तळ्यांचं काम पुरं करता आलं पाहिजे. आणि ज्याच्यावाचून अडेल असं जे काही मुठीत मावतं (पिना, ओ-रिंगा, कोअररचा व्हॉल्व्ह, मेमरी कार्डं) ते स्वतःच्या हातातल्या पिशवीत.

शल्यक

मी अंटार्क्टिकाला गेलेलो नाही, पण अशा मोहिमांवर जाणाऱ्या दोन डॉक्टरांना तयारीत मदत केली आहे. दातांकडे दुर्लक्ष करू नका. भरलेला पण हलणारा दात, अर्धवट वर आलेली अक्कलदाढ, जे काही असेल ते निघण्याच्या निदान महिनाभर आधी उरका. थंड हवा तोंडाने आत घेताना जुनी फिलिंग्ज ठणकतात आणि तिथे दंतवैद्य नसतो.

आईंच्या प्रश्नावर. मैत्रीपासून चार-पाच किलोमीटरवर रशियाचं नोवोलाझारेव्स्काया स्टेशन आहे. तिथे १९६१ च्या ३० एप्रिलला लिओनिद रोगोझोव्ह या सत्तावीस वर्षांच्या डॉक्टरने स्वतःचं ॲपेंडिक्स स्वतः काढलं. स्टेशनवर दुसरा डॉक्टर नव्हता, हिवाळा लागला होता, विमान येणं शक्य नव्हतं. सहकाऱ्यांनी आरसा आणि दिवा धरला, जागेपुरती भूल दिलेली. पावणेदोन तास लागले, आणि दोन आठवड्यांत तो कामाला लागला. ही गोष्ट आईंना सांगू नका. मी तुम्हाला सांगतोय ती यासाठी की हिवाळी आणि उन्हाळी मुक्कामात केवढा फरक आहे ते कळावं. तुम्ही उन्हाळ्यात चालला आहात. स्टेशनवर डॉक्टर असतात आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी, ऐन उन्हाळ्यातले दिवस सोडले तर, विमानांची ये-जा असते. आईंना एवढं खुशाल सांगा.

सनस्क्रीन नाकाच्या खाली आणि हनुवटीच्या खालच्या बाजूलाही लावा. बर्फावरून ऊन वर उसळतं, लोक तिथेच भाजतात.

उत्तरेकडची

मी दुसऱ्या टोकाची, त्यामुळे थोडं अवांतर. आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ओलेसुंडला आपलं हिमाद्री स्टेशन आहे, २००८ पासून. मी तिथे एक उन्हाळा होते. लाँगइयरब्येनहून छोटं डॉर्निअर विमान, चौदा-एक माणसं, आणि तिथून जेमतेम पंचवीस मिनिटं. सामान अगदी किलोवर मोजतात. आमच्याकडे बंधनं वेगळीच. गावात पाऊल टाकलं की फोनचं वायफाय आणि ब्लूटूथ बंद, कारण तिथल्या वेधशाळेचे अँटेना फार नाजूक संकेत टिपतात. माझा डेटा लॉगर ब्लूटूथवर चालणारा होता, तो तसाच परत आणावा लागला. वस्तीबाहेर पडायचं तर अस्वलांपासून बचावाचं प्रशिक्षण आणि सोबत बंदूक.

शेवाळवेडी, तुझी उपकरणं कशी बोलतात ते एकदा तपास: केबलने की बिनतारी. मैत्रीवर ही बंदी असेल असं मी म्हणत नाही. पण कडाक्याच्या थंडीत बिनतारी जोडणीने बॅटरी आणखी लवकर बसते, आणि केबल असली की हातमोज्यांतूनही काम होतं.

शेवाळवेडी

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री हे वाचून गाईडना फोन केला आणि आज दोन तास बसून पाच तळी निवडली. दोन तळी सोडवत नव्हती, पण सोडली. दाढही दाखवून आले, काढायचीच आहे.

सर, दोन गोष्टी राहिल्या. पीएचचा इलेक्ट्रोड काचेचा आहे आणि आत द्रावण असतं. विमानाच्या पोटात तो गोठेल का? आणि परत येताना नमुने?

अकरा_पूर्व

उड्डाणात गोठणार नाही. सामान माणसांच्याच पोकळीत असतं, तिथे गारठा असला तरी माणसं बसू शकतात एवढी ऊब असते. गोठतं ते उतरल्यावर. खोकी धावपट्टीवर उतरवतात, मग गाड्यांवर चढवायची, मग मैत्रीपर्यंतचे काही किलोमीटर, मग स्टेशनबाहेर कोणीतरी उघडेपर्यंत. यात तासन् तास जातात. आमच्या एका सहकाऱ्याचे दोन्ही इलेक्ट्रोड असेच तडकले. एक वापरायचा म्हणून आणला होता, दुसरा जादा म्हणून, आणि दोन्ही एकाच खोक्यात शेजारी शेजारी. इलेक्ट्रोड अंगावर, आतल्या जाकिटात ठेव. बफर द्रावणाच्या (पीएच मीटर जुळवून घ्यायच्या) बाटल्याही खोक्यात नको, हातातल्या पिशवीत कपड्यांत गुंडाळून ने. तळ्यावर काम करतानाही मोजून झालं की लगेच परत खिशात. लिथियमच्या बॅटऱ्यांचं विमानाच्या नियमांप्रमाणे आधीच कळवावं लागतं. त्यांची यादी क्षमतेसकट तयार ठेव, शेवटच्या दिवशी तेच शोधत बसायची वेळ येते.

नमुन्यांचं मात्र मला अजूनही वाईट वाटतं. अंटार्क्टिकात नमुना गोठलेला ठेवणं सोपं आहे, अडचण परतीच्या वाटेवर आहे. केपटाउनला तेव्हा भर उन्हाळा असतो. माझे बर्फाचे तुकडे तिथे उतरले, पेटी सहा तास उघड्यावर उभी राहिली. पेटीत मी तापमान नोंदवणारा छोटा लॉगर ठेवला होता, त्याची रेघ आजही मला पाठ आहे. उणे अठरावर सरळ आडवी, मग शून्यापर्यंत चढलेली आणि तिथेच खिळलेली, म्हणजे वितळत होतं. कोणाकडे बोट दाखवून उपयोग नव्हता, मी कोणाला पुरेसं सांगूनच ठेवलं नव्हतं.

तू असं कर. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग कर. एक विमानाने तुझ्याबरोबर, दुसरा मोसमाच्या शेवटी मोहिमेच्या जहाजाने, गोठवणीच्या कंटेनरमधून. जहाजाचा भाग उशिरा मिळेल, पण मिळेल. डीएनएसाठीचा थोडा अंश जागच्याजागी संरक्षक द्रावणात बुडव, मग तापमानाची चिंताच कमी होते. दोन्ही पेट्यांत लॉगर हवाच. नमुना वितळला होता हे माहीत असणं आणि माहीत नसणं यात तुझ्या निष्कर्षांचा फरक आहे. केपटाउनला पेटी कोण उचलणार, कोणत्या शीतगृहात ठेवणार, त्या माणसाचं नाव निघण्याआधी तुझ्या वहीत हवं.

आणि परवानग्या. दक्षिण गंगोत्री हिमनदीचा परिसर विशेष संरक्षित क्षेत्र क्रमांक १६३ आहे, २००५ पासून. नकाशावर तुझं एखादं तळं त्याच्या हद्दीला चिकटून आहे का ते तपास. हद्दीच्या आत परवान्याशिवाय पाऊलही टाकता येत नाही, नमुना तर दूरच. मला दरवर्षी तो परवाना काढावा लागायचा, आणि अर्जाला वेळ लागतो.

आईंबद्दल शल्यक यांनी लिहिलंय त्यात भर. स्टेशनवरून उपग्रहामार्गे फोन लागतो. पण आईंना ठरावीक वेळ देऊ नकोस. दर रविवारी रात्री फोन करते म्हणालीस, आणि त्या रविवारी वादळ असलं तर त्या रात्रभर जागतील. माझ्या घरी हे झालं आहे. "आठवड्यातून एकदा, जमेल तेव्हा" एवढंच सांग.

शेवाळवेडी

आईला वाचून दाखवलं (शल्यक यांचा मधला परिच्छेद गाळून). ती म्हणाली, "इलेक्ट्रोडला पिशवी मी शिवते, माप विचार." मऊ फ्लॅनेलची करायचं म्हणते, गळ्यात अडकवता येईल अशी. वेल्क्रो लावला तर चालेल का?

अकरा_पूर्व

वेल्क्रो नको. निघण्याआधी सगळ्यांचे कपडे, बूट, पिशव्या तपासून खिसे व्हॅक्यूमने साफ करतात, कारण शिवणीत आणि वेल्क्रोत गवताच्या बिया अडकून तिकडे जातात. मी माझ्या जुन्या जाकिटाच्या वेल्क्रोमधून चिमट्याने सात कुसळं काढली होती. फ्लॅनेल कोरं घ्या, शिवायच्या आधी धुऊन घ्या. लांबी इलेक्ट्रोडहून चार बोटं जास्त, म्हणजे टोकाची ओली टोपी घातलेली असतानाही आत बसेल. तोंडाला नाडी, आणि ती जाड गोफाची, हातमोजा घालून सोडता आली पाहिजे. आईंना म्हणावं दोन शिवा, दुसरी जोडीदाराच्या गळ्यात, जादाच्या इलेक्ट्रोडसकट.